जन्मसिद्ध वाटा

हिंदू कायद्यातील एक तत्त्व आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या परिचयाचे असेल. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, तिच्या मते वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. तो बापाच्या मर्जीवर अवलंबून नाही, मूल सज्ञान होईपर्यंत तो खोळंबून राहत नाही, आणि मुलाने तो मागितला नाही म्हणून बुडतही नाही. २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन हाच हक्क मुलीलाही मिळाला. कुटुंबाचा कर्ता मिळकतीची वहिवाट पाहतो. पण तो तिचा एकटा धनी नव्हे. पाळण्यातले मूलही त्याच्या बरोबरीचे सहदायाद असते.

घरच्या जमिनीच्या बाबतीत आमचा समाज हे तत्त्व इतके घट्ट धरून असतो की, दोन गुंठ्यांच्या तुकड्यापायी सख्खे भाऊ वीस-वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. परंतु गावाची जी खरी सामाईक मिळकत, ते सार्वजनिक ग्रंथालय, त्यात मुलाचा वाटा किती, हा प्रश्न विचारणारा एकही वारस पुढे येत नाही. मूल बोलत नाही, मत देत नाही, सर्वसाधारण सभेला येत नाही आणि वर्गणी भरीत नाही. म्हणून ज्यांच्या हाती संस्थेच्या किल्ल्या आहेत त्यांनी त्याचा वाटा बिनबोभाट आपल्या वाट्यात मिळवून टाकला आहे. हा अपहार आहे, आणि त्याला दुसरे सौम्य नाव देण्याची आमची तयारी नाही.

मराठी मुलुखातील वाचनालयांची परंपरा लहानसहान नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, पुण्याचे १८४८ चे, कोल्हापूरचे १८५० चे. पणजीत १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत स्थापन झालेले ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नावाने गोव्याचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालयही १८४८ पासूनचे. म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या नऊ वर्षे आधीपासून या गावात पुस्तके सार्वजनिक मालकीची होऊ लागली होती. याचा अभिमान आम्हांला आहे, आणि तो कोणी कमी लेखू नये. पण या संस्था निघाल्या त्या कोणासाठी? नव्याने इंग्रजी शिकलेले कारकून, मास्तर, वकील, मामलेदार यांच्यासाठी. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर वर्तमानपत्र चाळावे, एखादा ग्रंथ घरी न्यावा, आठवड्यातून एकदा व्याख्यान ऐकावे, ही त्यांची गरज होती. तो काळच तसा होता, म्हणून त्या संस्थापकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष आहे तो पावणेदोनशे वर्षांनंतरही त्याच साच्यात पाय रोवून बसलेल्यांचा. कोणत्याही तालुक्याच्या गावी जुन्या वाचनालयात संध्याकाळी डोकवावे. टेबलाभोवती वर्तमानपत्रे घेऊन बसलेली वडीलधारी मंडळी दिसतील. देवघेव विभागात कादंबऱ्या बदलून नेणाऱ्या गृहिणी दिसतील. स्पर्धापरीक्षेची तयारी करणारे तरुण दिसतील. नऊ वर्षांचे मूल तेथे क्वचितच दिसेल; आणि दिसलेच, तर बहुधा आजोबांची वाट पाहत दाराशी उभे असलेले.

कोणी म्हणेल, बालविभाग पुष्कळ ठिकाणी आहे. आहे, पण तो कसा आहे ते पाहावे. कोपऱ्यात एक कपाट, त्याला काच, काचेला कुलूप, आणि कुलपाची किल्ली ग्रंथपालाच्या खणात. आत देणगीदाखल आलेली, कोणी न मागितलेली पुस्तके. उघडून मागितले तर पहिला प्रश्न, "फाडणार नाहीस ना?" आणि दुसरा, "वडिलांना घेऊन ये." ज्या विभागात पाऊल टाकण्यापूर्वी मुलाला जामीन द्यावा लागतो त्याला विभाग म्हणावयाचे की कोठडी? डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील पहिल्याच सूत्राचा आशय असा की, पुस्तक वापरासाठी असते. युरोपात एके काळी ग्रंथ साखळदंडाने फळीला बांधून ठेवीत. त्या साखळ्या तुटल्या. आमच्याकडे मुलांच्या कपाटाचे कुलूप मात्र अजून शाबूत आहे. न फाटलेले बालपुस्तक ही ग्रंथपालाची शाबासकी नव्हे, ती त्याच्यावरील फिर्याद आहे.

आता आम्ही ज्या भूमीवर उभे राहून हे लिहितो, तिच्याकडे वळू. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही बेळगाव शहराला खेटून असलेली दोन गावे. घरात मराठी, देवळात मराठी, भजनात मराठी. सरकारी शाळाही मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमेचा प्रश्न १९६६ च्या महाजन आयोगापुढे गेला, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायप्रविष्ट बाबीवर आम्ही येथे काही लिहिणार नाही. एवढेच सांगतो की, दावा दाखल झाला त्या वर्षी कंग्राळीत जे मूल सहा वर्षांचे होते, त्याचे बालपण कधीच संपले. सीमा कोठे राहावी ते न्यायालय ठरवील. पण सहा वर्षांच्या मुलाचे सहावे वर्ष कोणतेही न्यायालय त्याला परत देऊ शकत नाही. जे काम निकालापर्यंत थांबू शकत नाही ते थांबवून ठेवणे हा शहाणपणा नव्हे.

येथे कायद्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. कारण आमचे लोक या बाबतीत अकारण याचकाची भूमिका घेतात. म्हैसूर राज्याने १९६५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी तो अमलात आणला. ग्रंथालय उपकर हे या कायद्याचे वैशिष्ट्य. आज कर्नाटकात घरपट्टीबरोबर तिच्या शेकडा सहा या दराने हा उपकर आकारला जातो. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात असा उपकर नाही. तेथे शासन मान्यताप्राप्त वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. म्हणजे सीमेपलीकडे चंदगडच्या माणसाला वाचनालय मिळते ते सरकारच्या अनुदानातून. कंग्राळीच्या माणसाला मिळते ते त्याने स्वतः भरलेल्या पैशातून. हा फरक लहान नाही. घरपट्टीची पावती काढून पाहावी. तीवर ग्रंथालयाच्या नावाने जी रक्कम लिहिली आहे, ती भरताना कोणी आमची मातृभाषा विचारली नव्हती. मग त्या पैशातून पुस्तके घेताना ती विसरण्याचा अधिकार कोणाला कोठून आला? आम्ही भिक्षा मागत नाही; भरलेल्या पैशाचा हिशेब मागतो.

न्यायाने वागावयाचे तर कर्नाटक शासनाचे एक काम येथे मोकळ्या मनाने वाखाणले पाहिजे. २०१९ साली ग्रामपंचायतींची ग्रंथालये ग्रामविकास व पंचायत राज खात्याकडे आली. नोव्हेंबर २०२० मध्ये, महामारीने शाळा बंद असताना, त्या खात्याने 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, ही मोहीम सुरू केली आणि ६ ते १८ वर्षांच्या मुलांना गावच्या ग्रंथालयाचे सभासदत्व विनामूल्य दिले. वर्गणी नाही, अनामत नाही. आमच्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या नामांकित संस्थांना जे सुचले नाही ते एका सरकारी खात्याला सुचले, ही गोष्ट कबूल करताना जीभ अडखळू नये. मुलाचा वाटा तत्त्वतः मान्य झाला.

परंतु वकिलाच्या धंद्यात एक धडा लवकर मिळतो : हुकूमनामा मिळणे वेगळे आणि कबजा मिळणे वेगळे. सभासदत्वाचे कार्ड हा हुकूमनामा आहे. कबजा केव्हा मिळाला म्हणावयाचे? मूल ग्रंथालयात गेले, त्याच्या हाताला येईल अशा फळीवर त्याला वाचता येईल असे पुस्तक सापडले, आणि ते बगलेत मारून ते घरी आले, तेव्हा. 'वाचता येईल असे' हे शब्द आम्ही मुद्दाम योजले आहेत. मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलासमोर केवळ कन्नड किंवा इंग्रजी पुस्तकांची फळी मांडली, तर ती फळी त्याच्यापुरती रिकामीच आहे. आम्ही कोणत्याही एका ग्रंथालयावर आरोप करीत नाही. गावागावांची स्थिती सारखी नसते. आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे की, या आठवड्यात आपल्या गावच्या ग्रंथालयात स्वतः जावे, मुलांची मराठी पुस्तके किती आहेत ती बोटाने मोजावी, आणि गेल्या वर्षभरात ती कितीदा बाहेर गेली हे नोंदवहीत पाहावे. ते दोन आकडे आमच्या साऱ्या लेखापेक्षा अधिक बोलतील.

ज्या १९५६ सालाने आमची सीमा बदलली, त्याच साली सातव्या घटनादुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे ते सांगते. एकोणतिसावे कलम आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देते. ग्रंथालय हा शब्द या दोहोंत नाही, हे खरे. पण शाळेत अक्षर शिकवावयाचे आणि शाळेबाहेर त्या अक्षरात छापलेले एकही गोष्टीचे पुस्तक मुलाच्या हाती पडू द्यावयाचे नाही, तर त्या शिक्षणाचा अर्थ काय उरला? पोहायला शिकवून विहीर बुजवण्याचाच तो प्रकार. राष्ट्रसंघाच्या युनेस्को या संस्थेने १९९४ साली सार्वजनिक ग्रंथालयांविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात ग्रंथालयाच्या कार्यांत पहिले कार्य म्हणून लहान वयापासून मुलांत वाचनाची सवय रुजवण्याचा उल्लेख आहे. आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास सोय करण्यासही त्यात सांगितले आहे. कंग्राळीच्या मुलाच्या ठायी हे दोन्ही अधिकार एकवटले आहेत.

हे अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला आम्ही दोन उदाहरणे देतो.

पहिले घरचे. बडोद्याचे सयाजीराव महाराज हे मराठी राजे, आणि त्यांची बहुसंख्य प्रजा गुजराती. १८९३ साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू केले. मग त्यांच्या ध्यानात आले की, शाळेत शिकलेले अक्षर पुस्तकावाचून चार वर्षांत पुसले जाते. म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे खातेच उभारले. गावोगाव वाचनालये निघाली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या भरून फिरती ग्रंथालये गेली. राजधानीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग झाला. या खात्याचा कारभार पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी सांभाळला. आणि खेड्यांतल्या वाचनालयांत पुस्तके कोणत्या भाषेची? गुजरातीची. राजाची भाषा मराठी म्हणून मेहसाण्याच्या शेतकऱ्याच्या मुलापुढे मराठी पोथी ठेवावी असे त्या राजाला वाटले नाही. राज्य ज्याचे त्याची भाषा कचेरीत. पण पुस्तक ज्याच्यासाठी त्याची भाषा पुस्तकात, एवढा साधा विवेक त्याने दाखवला.

दुसरे उदाहरण दूरचे. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९०६ साली अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंकडे मुलांच्या विभागाचे काम आले, आणि १९४१ पर्यंत त्यांनी ते पाहिले. ज्या काळी लहान मुलांना ग्रंथालयाची दारे बंद असत त्या काळी त्यांनी बुटकी टेबले, उघड्या फळ्या आणि गोष्टी सांगण्याची ठरावीक वेळ रूढ केली. १९२१ साली त्या ग्रंथालयात पुरा बेलप्रे ही पोर्तो रिको बेटावरून आलेली तरुणी कामाला लागली. तिच्या बेटावरून आलेली स्पॅनिश भाषेची कुटुंबे शहराच्या ज्या भागात राहत, तेथील शाखेत तिने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत सांगावयास सुरुवात केली. पैसा शहराचा, इमारत शहराची, शहराची भाषा इंग्रजी. आणि गोष्ट स्पॅनिशमध्ये! त्यामुळे न्यूयॉर्कची इंग्रजी बुडाली नाही. उलट, जी आई आजवर ग्रंथालयाच्या पायरीला बिचकत होती ती मुलाचे बोट धरून आत आली.

या ठिकाणी कन्नड बांधवांना आमचे एक स्पष्ट सांगणे आहे. आमची मागणी कन्नडविरुद्ध नाही. शिवराम कारंतांसारख्या थोर लेखकाने मुलांसाठी 'बालप्रपंच' हा ज्ञानकोश रचला. ज्या भाषेत असे काम झाले तिच्याविषयी आम्हांला आदरच आहे. कंग्राळीच्या मुलाने कन्नड शिकावे, कन्नड गोष्टी वाचाव्यात, त्यात त्याचे कल्याण आहे. पण दुसऱ्या भाषेचे दार पहिल्या भाषेच्या ओसरीतूनच उघडते. ओसरीच पाडली तर दार भिंतीतले चित्र होऊन राहते. आणि जी मागणी आम्ही कंग्राळीच्या मराठी मुलासाठी करतो, तीच अक्कलकोट आणि जत येथील कन्नड मुलासाठी महाराष्ट्राकडे करतो, तितक्याच जोराने. जो न्याय आपल्याला हवा तो दुसऱ्याला देण्याची तयारी नसेल, तर त्याला न्याय म्हणू नये.

सरकारचा हिशेब झाला; आता घरचा हिशेब मांडू. तो अधिक कडू आहे.

सीमाभागात साहित्यसंमेलनांना तोटा नाही. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा या गावांत संमेलने भरतात. ग्रंथदिंडी निघते, लेझीम खेळतात, फेटे बांधतात, पाहुणे सीमावासीयांच्या मायबोलीवरील निष्ठेचे गुणगान करतात आणि संध्याकाळच्या गाडीने पुण्या-मुंबईस परततात. ही संमेलने बंद करावीत असे आम्ही म्हणत नाही. खेड्यातील माणसाने स्वतःच्या हिमतीवर चालवलेला हा उत्सव मराठीच्या इतिहासात नोंदण्याजोगा आहे. पण ग्रंथदिंडीच्या पालखीत जे ग्रंथ मिरवले, त्यांतला एक तरी दुसऱ्या दिवशी गावातल्या मुलाच्या हाती गेला काय? दोनशे बालपुस्तके, प्रत्येकी साठ रुपये धरली, तरी बारा हजारांची होतात. एका दिवसाच्या मांडवाला, ध्वनिक्षेपकाला आणि सत्काराच्या शालींना याहून कमी खर्च येत असेल, तर संयोजकांनी खुशाल आमचे तोंड बंद करावे. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन ठरवला आहे. दिवस चांगला, पण वर्षातून एकदा प्रेरणा आणि उरलेले ३६४ दिवस कुलूप, हा व्यवहार उपासाच्या दिवशी पोटभर फराळ करून पुण्य मोजण्यासारखा आहे.

आणि आमची देवस्थाने? या मासिकाचे वाचक बहुतांशी कोणत्या ना कोणत्या देवस्थानाशी बांधलेले आहेत. कोणी महाजन, कोणी विश्वस्त, कोणी उत्सवसमितीचे सभासद. त्यांना आम्ही विचारतो : देऊळ हे पूर्वी काय होते? संध्याकाळी पुराणिक पोथी सोडी, कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावी, आणि त्या सभामंडपात म्हाताऱ्यांच्या मांडीला टेकून मुले ऐकत बसत. ध्रुव, प्रल्हाद, नचिकेत ही सारी मुलांचीच आख्याने आहेत. न्यूयॉर्कच्या बाईंनी जी गोष्टींची वेळ रूढ केली, ती आमच्या देवळांतून शतकानुशतके चालत आली होती. आम्ही ती मोडली आणि त्या जागी लग्नसमारंभांसाठी मोठे सभागृह बांधले. शिखरावर नवा कळस चढतो, गाभाऱ्याला संगमरवर लागतो, अग्रशाळेत वातानुकूलित खोल्या होतात. पण मुलांच्या पुस्तकांची एक फळी मांडावी असा ठराव कोणत्या महाजनसभेत आजवर आला, ते आम्हांला कोणी दाखवावे.

"देवस्थानाचा पैसा धर्मकार्यासाठी आहे, वाचनालयासाठी नाही," असे कोणी विश्वस्त म्हणतील. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने धर्मादाय हेतूची जी व्याख्या केली तीत शिक्षण स्पष्ट शब्दांत आले आहे. ज्ञानदान हा धर्म नाही, असे सांगणारे शास्त्र आम्ही कोठे वाचले नाही. एखाद्या देवस्थानाच्या दानपत्रात किंवा घटनेत असा खर्च बसत नसेल, तर भक्तांनी वेगळा निधी जमवावा. देवस्थानाने रीतसर ठराव करून आठवड्यातून एक दिवस सभामंडपाचा कोपरा द्यावा. ज्या मंडपात पत्रावळी मांडता येतात तेथे दोन सतरंज्या आणि एक उघडी फळी मांडल्याने देव बाटणार नाही.

कोंकणीभाषी कुटुंबांना या बाबतीत वेगळे कर्तव्य आहे. त्यांचे मूल घरी कोंकणी बोलते, देवळात मराठी ऐकते, शाळेत कन्नड किंवा इंग्रजी शिकते. घरची जी भाषा, तिचेच पुस्तक त्याला सर्वांत दुर्मिळ. कोंकणीला १९८७ साली गोव्यात राजभाषेचे स्थान मिळाले, १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. पण आजी ज्या 'काणयो' सांगते त्या उतरून घेऊन मुलांच्या हाती देण्याचे काम राज्यघटना करणार नाही. ते घरातच झाले पाहिजे, आणि आजी आहे तोवर झाले पाहिजे. अशी एक एक काणी देवनागरीत लिहून, चित्र काढून, शिवून फळीवर ठेवली, तर तीही ग्रंथालयाची भर आहे.

आणखी एक आक्षेप नेहमीचा. "हल्लीची मुले वाचतच नाहीत, त्यांना मोबाईल पुरे." हे म्हणणारे गृहस्थ बहुधा स्वतःच्या हातातील मोबाईलवरून नजर न काढता ते म्हणतात. मूल वाचत नाही, हा निष्कर्ष काढण्याचा अधिकार ज्याने त्याच्यापुढे पुस्तक ठेवले त्यालाच आहे. ताट न वाढता मुलाला भूक नाही असे ठरवणारी आई आम्ही पाहिली नाही. असे ठरवणारा समाज मात्र पाहतो आहोत. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या आदिवासी टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांना नावे ठेवली नाहीत. बालवाडीच उचलून अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द देशाला दिला. वाचनालय मुलाकडे गेले नाही तर मूल वाचनालयाकडे येणार नाही. दोष पायांचा नाही, अंतराचा आहे.

"शाळा आहे, शाळेचे ग्रंथालय आहे," असेही सांगतात. शाळेत पुस्तकामागे परीक्षा उभी असते. सार्वजनिक ग्रंथालयात मूल आपल्या मर्जीने निवडते, आवडले नाही तर अर्ध्यावर टाकते, आवडले तर तेच पुस्तक सात वेळा नेते, आणि त्याला कोणी सारांश विचारीत नाही. वाचनाची गोडी या स्वातंत्र्यातून लागते, गुणपत्रिकेतून नव्हे. साने गुरुजींच्या मागे त्यांच्या नावाने चाललेल्या कथामालेने हेच ओळखले होते : गोष्ट सांगावी, गोष्ट ऐकावी, आणि तेवढ्यावर मुलाला घरी जाऊ द्यावे.

तेव्हा आमचे मागणे असे. सरकारकडे : ज्या गावात मराठी शाळा आहे, त्या गावच्या ग्रंथालयात शाळेच्या पटाच्या प्रमाणात मराठी बालपुस्तके घ्यावीत, आणि ग्रंथालय उपकराच्या जमाखर्चात भाषावार खरेदी दाखवावी. ग्रामस्थांकडे : ग्रामसभेत हा प्रश्न लेखी विचारावा, उत्तर लेखी मागावे, आणि आपल्या मुलांची नावे सभासद म्हणून आधी नोंदवावीत, मागणी नोंदवहीत दिसली नाही तर पुस्तक येणार नाही. जुन्या वाचनालयांकडे : मुलांच्या कपाटाचे कुलूप काढावे, फळी मुलाच्या छातीच्या उंचीवर आणावी, पुस्तकांचे मुखपृष्ठ समोर ठेवावे, अनामत बंद करावी, आणि फाटणाऱ्या पुस्तकांसाठी अंदाजपत्रकात दरसाल रक्कम धरावी. देवस्थानांकडे : आठवड्यातून एक संध्याकाळ, आरतीच्या आधी, अर्धा तास. निवृत्त शिक्षक, आजी, कॉलेजातली मुलगी, जो कोणी असेल त्याने एक गोष्ट मोठ्याने वाचावी, आणि जाताना प्रत्येक मुलाने एक पुस्तक घरी न्यावे. भाषण नको, स्पर्धा नको, बक्षीस नको, छायाचित्र तर नकोच.

यांतील एकही गोष्ट न्यायालयाच्या निकालावर, दिल्लीच्या मर्जीवर किंवा बंगळूर-मुंबईच्या राजकारणावर अडून बसलेली नाही. उपकर भरलेला आहे, मोफत सभासदत्वाची सोय झालेली आहे, सभामंडप रिकामा आहे. अज्ञान वारसाच्या मिळकतीचा जो पालक हिशेब देत नाही, त्याला कोर्ट पालकपदावरून दूर करते. मुले सज्ञान होतील तेव्हा आपल्या वाट्याचे काय झाले हे ती विचारतील; आणि तो प्रश्न ती कोणत्या भाषेत विचारतील, हे आज आपण त्यांच्यासाठी मांडलेल्या, किंवा न मांडलेल्या, त्या एका फळीवर ठरणार आहे.